अँकर व्हायचंय, कोर्स करू का?

पत्र: मी परभणीची, वय २३. बी.ए. मराठी झालंय. गेली चार वर्षं जिल्ह्यात कार्यक्रमांचं सूत्रसंचालन करते, त्यामुळे माइकची भीती नाही. मला न्यूज अँकर व्हायचंय. एक खासगी संस्था सहा महिन्यांच्या अँकरिंग कोर्सचे दीड लाख मागतेय आणि नोकरीची हमी देतेय. दुसरीकडे एक जण म्हणतो, वीस हजार डिपॉझिट भरा, बूम (चॅनलचं नाव असलेला माइक) आणि ओळखपत्र घ्या आणि आमच्या चॅनलच्या जिल्हा प्रतिनिधी व्हा. माझ्या बोलण्यात मराठवाड्याचा हेल आहे, इंग्रजी कच्चं आहे, आणि आईला रात्रपाळीची धास्ती आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर:

नमस्कार. आधी पैशांचं बोलू, कारण ते आज-उद्याच हातून जाऊ शकतात.

डिपॉझिटचा एक रुपयाही भरू नका. चॅनल बातमीदाराला पैसे देतं, त्याच्याकडून घेत नाही. जिल्ह्यातला खरा स्ट्रिंगर (पगारावर नसलेला स्थानिक बातमीदार) स्टोरीमागे मानधन घेतो. ते थोडं असेल, उशिरा येईल, पण पैसा चॅनलकडून त्याच्याकडे येतो. डिपॉझिट घेणारे पुढच्या महिन्यात ‘जाहिराती आणा’ म्हणतात. ज्या संस्थाचालकाची जाहिरात तुम्ही आणली, त्याच्या वसतिगृहातल्या मुलींनी तक्रार केली तर ती बातमी तुम्ही करू शकाल का? तिथेच पत्रकारिता संपते. परवानगी मिळालेल्या उपग्रह वाहिन्यांची यादी केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या संकेतस्थळावर असते. त्या यादीत या चॅनलचं नाव आहे का, तेही बघून घ्या.

कोर्सचं उत्तर इतकं सरळ नाही. नोकरीची हमी मात्र कोणतीही संस्था देऊ शकत नाही, कारण नोकरी चॅनल देतं आणि स्क्रीन टेस्ट घेऊन देतं. जाऊन विचारायचंच असेल तर हे विचारा: एका बॅचला किती मुलं आहेत? प्रत्येकाला प्रॉम्प्टरसमोर (वाचायचा मजकूर सरकवत दाखवणाऱ्या पडद्यासमोर) प्रत्यक्ष किती तास मिळतात? पीसीआर (बुलेटिन जिथून चालवतात ती कंट्रोल रूम) चालू असतो की नुसता दाखवायला आहे? बातमी लिहायला कोण शिकवतं? मागच्या बॅचमधल्या कोणाचं काम आज पडद्यावर दिसतं? मध्येच सोडलं तर किती पैसे परत मिळतात, आणि ते पावतीवर लिहून देणार का? मेकअप, देहबोली आणि फोटोशूट यांवरच भर असेल तर दीड लाख घरीच ठेवा.

त्याच्या कितीतरी कमी खर्चात विद्यापीठातलं शिक्षण होतं. तुमच्यापासून सगळ्यांत जवळ नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचं माध्यमशास्त्र संकुल आहे. छत्रपती संभाजीनगरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात वृत्तपत्रविद्या विभाग आहे, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे. भारतीय जनसंचार संस्थेच्या अमरावती केंद्रात मराठी पत्रकारितेचा पदव्युत्तर डिप्लोमा होतो. या ठिकाणी सगळीकडे स्टुडिओ चकाचक असेलच असं नाही. पण बातमी म्हणजे काय, ती कोणाला विचारायची आणि कशी लिहायची, हे तिथे शिकता येतं. तुम्हाला आज गरज त्याचीच आहे.

असं का म्हणतो, ते सांगतो. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं, तेव्हा वृत्तनिवेदकाचं काम वेगळं होतं. संपादकीय विभागाने तयार केलेली बातमीपत्रं निर्दोष उच्चारांत, शांत आवाजात वाचायची. स्मिता पाटील यांनी तिथे बातम्या वाचल्या, प्रदीप भिडे यांचा आवाज तर अनेक वर्षं घराघरांत ओळखीचा होता. २००७मध्ये झी २४ तास आणि स्टार माझा (२०१२पासून एबीपी माझा), २००८मध्ये आयबीएन लोकमत आलं आणि मराठीत चोवीस तासांच्या बातम्या सुरू झाल्या. अँकरच्या हातात आता पुष्कळदा तयार बातमीपत्र नसतं, एकच ओळ असते. ‘इमारत कोसळली, ठिकाण अमुक’ एवढंच कानात येतं आणि पुढची दहा मिनिटं भरायची असतात. ती शब्दसंपत्तीने भरत नाहीत. इमारत कोसळल्यावर अग्निशमन दल आधी काय करतं, धोकादायक इमारतीची नोटीस कोण काढतं, जखमींना कोणत्या रुग्णालयात नेतात, हे ज्याला माहीत असतं तोच टिकतो. नावाजलेले अँकर निखिल वागळे आणि राजीव खांडेकर दोघेही छापील पत्रकारितेतून टीव्हीवर आले. हिंदीतले अँकर रवीश कुमार १९९६मध्ये एनडीटीव्हीत आले ते प्रेक्षकांची पत्रं निवडायच्या कामावर. बातमीदारी पुढे झाली आणि अँकरची खुर्ची त्यानंतर.

म्हणून पहिली नोकरी ‘अँकर’ या पदाची मागूच नका. ट्रेनी कॉपी एडिटर म्हणून डेस्कवर (बातम्या लिहिणाऱ्या विभागात) किंवा ट्रेनी रिपोर्टर म्हणून शिरा. डेस्कवर इनपुटकडून, म्हणजे बातम्या गोळा करणाऱ्या विभागाकडून, आलेली तीन पानी माहिती चार वाक्यांत बसवायला लागते, दिवसाला वीस-पंचवीस वेळा. वर्षभरात बातमीचा गाभा डोळ्यांना आपोआप दिसू लागतो. रनडाऊन (बुलेटिनमधल्या बातम्यांचा क्रम) कसा लावतात, तो का बदलतो, पीसीआरमधून अँकरशी काय बोलतात, हे तिथे बसूनच कळतं. पहाटेच्या बुलेटिनचा अँकर आजारी पडला की नजर डेस्ककडेच जाते, आणि त्या वेळी तुमचा स्क्रीन टेस्ट आधीच झालेला असला तर संधी मिळते. मी फक्त अँकरिंगच करणार, असं पहिल्याच दिवशी सांगणाऱ्या उमेदवाराला डेस्कवर कोणी शिकवत नाही.

या नोकऱ्यांची परीक्षा साधारण अशी असते. इंग्रजी बातमीचा मराठी अनुवाद, एका घटनेची पाच हेडलाइन, चालू घडामोडी, आणि मग आवाज व कॅमेरा. कॅमेऱ्यासमोर आधी न पाहिलेली कॉपी (बातमीचा मजकूर) प्रॉम्प्टरवर वाचायला लावतात, आणि नंतर प्रॉम्प्टर बंद करून ‘ही ब्रेकिंग आहे, दोन मिनिटं बोला’ असं सांगतात. तुमचं इंग्रजी बोलण्याइतकं नसलं तरी चालेल, पण वृत्तसंस्थेची कॉपी वाचून समजलीच पाहिजे. रोज एका इंग्रजी वर्तमानपत्रातल्या दोन बातम्यांचा मराठी गोषवारा लिहा, सहा महिन्यांत फरक पडेल. युनिकोडमध्ये मराठी टायपिंग मात्र आजच सुरू करा. इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिकलात तर उत्तम. दोन बोटांनी टाइप करणारा ट्रेनी ब्रेकिंगच्या वेळी कामाचा नसतो.

आता तुमच्या सूत्रसंचालनाबद्दल. त्याने दम, वेळेचं भान आणि समोरच्याला बोलतं करण्याची सवय दिली, ते भांडवल आहे. पण दोन खोडी जडतात आणि स्क्रीन टेस्टमध्ये त्याच आड येतात. पहिली विशेषणांची. ‘अत्यंत दुर्दैवी, मन हेलावून टाकणारी घटना’ हे व्यासपीठावर चालतं. बातमीत ‘जिंतूर रस्त्यावर ट्रक-दुचाकीच्या धडकेत दोघांचा मृत्यू’ एवढं पुरतं, दुर्दैव प्रेक्षकाला आपोआप कळतं. दुसरी खोड आवाजाच्या पट्टीची. सभागृहातल्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायचं म्हणून आपण वरच्या पट्टीत बोलतो. स्टुडिओतला माइक हनुवटीपासून एक वीत खाली असतो. तिथे समोर बसलेल्या एका माणसाशी बोलायचं असतं. वाक्याचा शेवट गिळू नका, मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि घडलं की नाही हे तिथेच कळतं. वेग मिनिटाला ११० ते १३० शब्द ठेवा. मोबाइलवर रेकॉर्ड करून शब्द मोजा, बहुतेकांचा वेग त्यांना वाटतो त्यापेक्षा जास्त निघतो.

हेलाची लाज बाळगू नका. बुलेटिन वाचताना प्रमाण उच्चार लागतात, आणि ते सरावाने येतात. ण-न, ळ-ल, श-स हे वेगळे ऐकू आले पाहिजेत. च आणि ज यांचे दोन-दोन उच्चार सांभाळा, जळगावातला ज वेगळा आणि जेजुरीतला वेगळा. गावाचं नाव अडलं तर त्या भागातल्या बातमीदाराला फोन करून विचारा, कारण गावाचं नाव चुकवलं की त्या तालुक्यातला माणूस पुढची बातमी ऐकत नाही. बोली मात्र पुसून टाकू नका. बाजार समितीत शेतकऱ्याशी बोलताना ‘काय भाव घेतला ओ’ असं विचारलंत तर तो मोकळेपणाने बोलेल. मुंबईच्या प्रमाण भाषेत विचारलेल्या प्रश्नाला तो भाषणातलं उत्तर देतो.

परभणीत आकाशवाणीचं केंद्र आहे, आणि तुमची पहिली शाळा तीच असू शकते. नैमित्तिक उद्घोषकांसाठी अशी केंद्रं वेळोवेळी जाहिरात काढतात. लेखी परीक्षा आणि आवाजाची चाचणी होते, महिन्यातून काही पाळ्या मिळतात. पैसे थोडेच असतात. पण ठरलेल्या सेकंदाला सुरू करून ठरलेल्या सेकंदाला थांबायची शिस्त लागते, आणि उच्चार चुकला तर सांगणारं माणूस समोर असतं. केंद्रात जाऊन पुढची जाहिरात कधी येईल ते विचारून ठेवा.

बूम हातात येईपर्यंत थांबायचं कारण नाही. तुमच्याकडे मोबाइल आहे आणि जिल्ह्यात बातम्या आहेत, शो-रील (कामाच्या नमुन्याचा व्हिडिओ) त्यातूनच होतं. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ तुमच्या शहरात आहे, भोवती सोयाबीन आणि कापूस आहे. मुंबईच्या न्यूजरूममध्ये शेतीतलं नीट कळणारे लोक कायम कमी असतात, त्यामुळे ही तुमची जमेची बाजू आहे. समजा हमीभाव खरेदी केंद्रावरची स्टोरी घेतली. सोयाबीनचा हमीभाव २०२४-२५ मध्ये क्विंटलला ४,८९२ रुपये होता. खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा १२ टक्के होती आणि त्या नोव्हेंबरात केंद्राने ती १५ टक्क्यांपर्यंत सैल केली. आता यंदाचे आकडे काढा. केंद्रावर जा आणि ओलावा मोजायचं यंत्र, त्यावरचा आकडा, परत पाठवलेला ट्रॅक्टर, शेतकऱ्याचा चेहरा, प्रतवारी करणारा माणूस टिपा. प्रत्येक शॉट हात न हलवता सहा ते आठ सेकंद धरा, लांबून, मधून आणि जवळून. शेतकऱ्याचा बाईट (कॅमेऱ्यासमोरचं त्याचं थोडक्यात म्हणणं) घ्या, आणि केंद्रचालकाचाही घ्या. एकाच बाजूचा बाईट असलेली स्टोरी डेस्क परत पाठवतो, आणि ते योग्यच आहे.

दीड मिनिटाच्या पॅकेजचा (दृश्यं, बाईट आणि निवेदन जोडून केलेल्या स्टोरीचा) हिशेब असा बसतो. बारा-पंधरा सेकंदांचे दोन बाईट, पंधरा सेकंदांचं पीटीसी, आणि उरलेल्या साधारण ४५ सेकंदांत ९० ते ९५ शब्दांचा व्हीओ, म्हणजे दृश्यांवरचं निवेदन. पीटीसी म्हणजे कॅमेऱ्याकडे बघत घटनास्थळावरून बोलणं. त्यात जे दृश्यांतून दिसतं ते पुन्हा सांगू नका. जे दिसत नाही ते सांगा: नियम काय, पुढे काय होणार, कोण गप्प आहे. पंधरा सेकंदांत तीसएक शब्द मावतात. पाठ करू नका, पाठ केलेलं डोळ्यांत दिसतं. तीन मुद्दे लक्षात ठेवा, पहिलं आणि शेवटचं वाक्य पक्कं करा, मधलं बोला.

रेकॉर्डिंगमध्ये नेहमी बिघडणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे ट्यूब किंवा एलईडीखाली ३० फ्रेमवर शूट केलं की चित्रात पट्टे फिरतात. मोबाइलच्या प्रो मोडमध्ये २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवा. मोबाइल आडवा, लेन्स डोळ्यांच्या रेषेत. आवाजासाठी वायरचा कॉलर माइक हजार रुपयांच्या आसपास मिळतो, मोबाइलच्या आतल्या माइकवर बाईट कधीच घेऊ नका. माइक ओढणीला किंवा रेशमी काठाला घासतो, गळ्यातल्या माळेवर आपटतो. तेव्हा शूटच्या आधी दहा सेकंद मान वळवून बोला आणि हेडफोनवर ऐका. बारीक चौकडी आणि बारीक रेघा पडद्यावर थरथरतात. हिरव्या पडद्यासमोर, म्हणजे क्रोमावर, हिरवा कपडा घातला तर धड गायब होतं. चष्मा असेल तर काचा अँटिग्लेअर घ्या. प्रॉम्प्टरचं ॲप मोबाइलवर वापरताना ओळ लांब असली की बुबुळं डावीकडून उजवीकडे पळतात. ओळीला तीन-चारच शब्द ठेवा, मजकूर लेन्सला अगदी खेटून ठेवा आणि दीड मीटर लांब उभ्या राहा. स्टुडिओतला प्रॉम्प्टर चालवणारा तुमच्या वेगाने चालतो, तो सरकवेल तसं तुम्ही धावायचं नसतं. प्रॉम्प्टर बंद पडतोच, म्हणून छापील स्क्रिप्टची पानं क्रमाने हातात असू द्या आणि एक पान झालं की ते बाजूला सरकवत चला.

रील दोन मिनिटांच्या आत संपवा. पहिल्या पंधरा सेकंदांत सर्वांत चांगलं पीटीसी, मग अर्ध्या मिनिटाचं वाचन, मग मुलाखतीतला एक असा तुकडा ज्यात तुम्ही उत्तर ऐकून पुढचा प्रश्न विचारलाय. संगीत, स्लो मोशन, हवेत उडणारी नावं नकोत. लग्नसमारंभातलं किंवा महोत्सवातलं सूत्रसंचालन त्यात घालू नका. सोबत पॅकेजची पूर्ण स्क्रिप्ट जोडा. रील बघणाऱ्याला चेहरा दहा सेकंदांत कळतो, लिहिता येतं का हे स्क्रिप्टवरूनच कळतं.

लाइव्हची तयारी घरीच होऊ शकते, आणि नवे लोक सगळ्यांत जास्त तिथेच कोसळतात. एका कानात इअरफोन लावून आकाशवाणीच्या बातम्या चालू ठेवा आणि त्याच वेळी दुसरी कॉपी मोठ्याने वाचा. सुरुवातीला तिसऱ्या ओळीला गाडी घसरेल. रोज दहा मिनिटं केलंत तर महिना-दीड महिन्यात जमू लागेल. टॉकबॅकवर, म्हणजे पीसीआरमधून कानात येणाऱ्या आवाजात, पॅनल प्रोड्युसर ‘वीस सेकंद, मग ब्रेक’ म्हणत असताना तुमचं वाक्य मोडता कामा नये, त्यासाठीच हा सराव. इअरपीस सारखा निसटत असेल तर श्रवणयंत्रांच्या दुकानात कानाचा साचा करून मिळतो.

फिल्डवर बॅकपॅकवरून (मोबाइल सिमवरून चित्र पाठवणाऱ्या पाठीवरच्या यंत्रावरून) लाइव्ह देताना आवाज पोहोचायला एक ते काही सेकंद लागतात, ओबी व्हॅनमध्येही (उपग्रहामार्फत चित्र पाठवणाऱ्या गाडीतही) उपग्रहापर्यंत ३६ हजार किलोमीटर जाऊन यायला वेळ जातोच. अँकरचा प्रश्न संपला असं वाटलं की अर्धा क्षण थांबा, मान हलवा, मग बोला. स्वतःचाच आवाज उशिराने कानात परत येत असेल तर लाइव्ह सुरू होण्याआधी पीसीआरला सांगून तो काढून घ्या. ऑन एअर तसं झालंच तर इअरपीस अर्धा बाहेर ओढा आणि बोलत राहा. मोठ्या सभेत लाख माणसांचे मोबाइल एकाच टॉवरवर असतात, बॅकपॅकमधली सगळी सिम तिथे दम तोडतात. सभा सुरू होण्याआधी गर्दीच्या कडेला उंच जागा शोधून ठेवा.

ब्रेकिंग सांभाळताना काय माहीत आहे, ते कोणी सांगितलं, काय अजून कळलेलं नाही, या क्रमाने बोला. मृतांचा आकडा स्रोताचं नाव घेतल्याशिवाय उच्चारू नका. दुसऱ्या चॅनलवर मोठा आकडा दिसतोय म्हणून तो उचलणं हा या धंद्यातला सगळ्यांत वाईट मोह आहे, आणि त्याची किंमत मृतांच्या घरचे मोजतात. दर तीन-चार मिनिटांनी घटना पहिल्यापासून थोडक्यात सांगा, कारण कोणी ना कोणी आत्ताच टीव्ही लावलेला असतो.

कायद्याच्या काही गोष्टी तोंडपाठ हव्यात. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, बालकांच्या बाबतीत पॉक्सो कायद्याचं कलम २३ आहे. फक्त नाव लपवून भागत नाही. घराचा दरवाजा, शाळेचा गणवेश, वडिलांचा बाईट, यातूनही गाव ओळखतं. मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत काय दाखवता येत नाही, हे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६मध्ये आहे. २००८च्या मुंबई हल्ल्याच्या थेट प्रक्षेपणावर सर्वोच्च न्यायालयाने २०१२च्या निकालात कडक ताशेरे ओढले. २०१५पासून दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना थेट प्रक्षेपणाला बंदी आहे, नेमलेल्या अधिकाऱ्याने वेळोवेळी दिलेली माहितीच दाखवता येते. चर्चेत पाहुण्याने कोणावर पुराव्याशिवाय आरोप केला तर तिथल्या तिथे ‘हा तुमचा आरोप आहे, त्यांची बाजू आमच्याकडे आलेली नाही’ असं म्हणा. एवढं वाक्य म्हणायचं राहून गेलं की बदनामीची नोटीस चॅनलबरोबर तुमच्याही नावाने येऊ शकते.

आईंच्या काळजीत तथ्य आहे, ती उडवून लावू नका. सकाळच्या बुलेटिनची पाळी पहाटे चार-पाचला सुरू होते, नव्या मुलांना पहाट आणि रात्र आधी मिळते. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती, सुरक्षेची व्यवस्था आणि घरापर्यंत वाहन लागतं. मुलाखतीतच विचारा: गाडी दारापर्यंत येते की स्टेशनपर्यंत? अंतर्गत तक्रार समितीवर कोण आहे? दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कार्यालयात ती समिती असणं बंधनकारक आहे. हे विचारल्याने नोकरी जात नाही, आणि जिथे जाते तिथे ती जाऊ द्यावी.

नेमणूकपत्र हातात आलं की बॉण्ड (नोकरी मध्येच न सोडण्याचा करार) किती वर्षांचा, नोटीस किती दिवसांची आणि बाहेरच्या कार्यक्रमांना परवानगी आहे का, हे तीन मुद्दे वाचून मगच सही करा. सुरुवातीच्या पगारात मुंबईतली खोली, पास आणि डबा भागवून फार उरत नाही, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी सूत्रसंचालन चालू ठेवावंसं वाटेल. त्याची परवानगी सही करण्याआधीच लेखी मागून घ्या. पण राजकीय पक्षाचा किंवा नेत्याचा कार्यक्रम चॅनलने परवानगी दिली तरी घेऊ नका. त्याच नेत्याला पुढे स्टुडिओत प्रश्न विचारायची वेळ तुमच्यावर येऊ शकते.